वस्ताद बाहेरचा की घरचा?

रणजी करंडकाचे सामने ऐन हिवाळ्यात येतात. त्या दिवसांत आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन कधीच निघून गेलेले असते, तुरीच्या शेंगा भरतात, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, आणि माणसाला दोन शब्द बोलायला थोडी फुरसत असते. अशा वेळी विदर्भाचा संघ हरला म्हणजे पानठेल्यावर जी चर्चा रंगते तिचा विषय ठरलेला असतो. अमुक फलंदाज कसा बाद झाला, ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत संपते. मग कोणीतरी विचारतो, "यायले शिकवते कोन?" आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. संघ जिंकला तरी प्रश्न तोच. शिकवणारा कोण, कुठला, आपल्यातला की बाहेरचा?

ही खोड फक्त आपलीच आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचे वेड आपल्या क्रिकेटच्या वेडाला मागे टाकील. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात धरून धावायचा आणि समोरच्याने अंगावर झेपावून अडवायचे, असा तो खेळ. तिथल्या कॉलेजांमधला पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत झाला. आज मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर एका वेळी एक लाखाहून अधिक माणसे बसतात. तिथल्या कित्येक राज्यांत सरकारी पगारावरचा सर्वांत महागडा माणूस राज्यपाल नसतो, न्यायाधीश नसतो, तर विद्यापीठाच्या खेळाचा प्रशिक्षक असतो! संघ हरू लागला की चाहते प्रशिक्षक बदला म्हणून कोलाहल करतात. विद्यापीठही कराराची उरलेली रक्कम त्याच्या पदरात टाकून त्याला घरी पाठवते आणि नव्याचा शोध सुरू करते. मग महिनाभर घराघरात एकच विषय: आता कोण येणार?

आपल्या विदर्भाने असा शोध एकदा फार गांभीर्याने घेतला. तो सापडला, फळला, आणि त्यातून पानठेल्यावरच्या प्रश्नाला काही उत्तरही मिळाले. ती हकीगत सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

वस्ताद हा शब्द आपल्याला नवा नाही. आखाड्यातली माती तुडवलेल्या कोणत्याही माणसाला विचारा. पोरगा कुस्ती मारून आला की बघणारे पोराचे नाव मागाहून विचारतात. आधी विचारतात, कोणत्या आखाड्याचा, कोणाचा पठ्ठा? आणि शिकवणारे तयार करण्याचा उद्योग तर आपल्या वऱ्हाडात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक झाले तेव्हा या मंडळाचे पथक तिकडे गेले आणि कबड्डीसारखे आपले देशी खेळ त्याने साऱ्या जगासमोर करून दाखवले. वऱ्हाडातल्या शाळांत शिटी वाजवून कवायत घेणारे कित्येक गुरुजी या मंडळात शिकून आलेले आहेत. म्हणजे शिकवण्याची विद्या आपल्याकडे होती. क्रिकेटमध्ये मात्र आपण कितीतरी वर्षे रिकाम्या हातांनी उभे होतो.

अगदीच रिकाम्या म्हणता येणार नाही. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सला झाला. त्यात आपल्या संघाचे कप्तान होते कर्नल सी. के. नायडू. हे नायडू नागपूरचे. जन्म १८९५ चा, तोही नागपुरातलाच, आणि शिक्षण हिस्लॉप कॉलेजात. म्हणजे भारताचा पहिला कसोटी कप्तान हा आपल्या विदर्भातला एक कॉलेजचा विद्यार्थी! पण नागपुरात त्यांना धरून ठेवील असे कोणी नव्हते. इंदूरच्या होळकर महाराजांनी बोलावले आणि ते तिकडे गेले. तिथे त्यांना फौजेत हुद्दा मिळाला, मान मिळाला, आणि मनासारखा संघ बांधायला मिळाला. त्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. आपला माणूस दुसऱ्याच्या घरी जाऊन वस्ताद झाला. इंदूर हे नाव तेवढे ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

विदर्भ या नावाने आपला संघ रणजी स्पर्धेत उतरला तो १९५७-५८ च्या हंगामात. केरळचा संघही केरळ या नावाने त्याच हंगामात उतरला, हीसुद्धा पुढे कामी येणारी गोष्ट. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५८-५९ मध्ये, मुंबईने करंडक उचलला आणि तो सलग पंधरा वर्षे खाली ठेवलाच नाही. या मुंबईला शिकवत कोण होते? आजच्यासारखा पगारी प्रशिक्षक त्या काळी संघाबरोबर नसेच. कप्तान सांगेल ती पूर्व दिशा. पण मुंबईत शाळांच्या स्पर्धा होत्या, कॉलेजांच्या होत्या, कचेऱ्यांच्या आणि गिरण्यांच्या होत्या. पोरगा संघात येईपर्यंत त्याला दहा जणांनी घडवलेले असे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांसारखे गुरुजी उन्हातान्हात उभे राहून मुलांना शिकवत. त्यामुळे वरच्या संघाला निराळा शिक्षक नसला तरी अडत नसे.

इकडे विदर्भाचा संघ मध्य विभागात खेळायचा आणि बहुतेक वर्षी लवकर घरी परतायचा. साठ वर्षांत उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे पाऊल पडले नाही. तेवढ्या काळात दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. नागपूरला १९६९ मध्ये कसोटी सामना झाला, पुढे जामठ्याला मोठे मैदान झाले, मोठमोठे संघ येऊन खेळून गेले, पण त्या मैदानावर विदर्भाच्या पोराला कसोटीच्या टोपीत पाहण्याचा योग काही येईना. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू म्हणजे उमेश यादव, आणि साल होते २०११! त्याचे वडील कोळसा खाणीतले कामगार. नायडूंच्या लॉर्ड्सवरच्या सामन्यानंतर एकोणऐंशी वर्षे गेली होती.

मग काय बदलले? पानठेल्यावर विचाराल तर एका शब्दात उत्तर मिळेल: पंडित. ते उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे.

पंडित येण्याच्या आधी संघटनेने नागपूरला मुलांसाठी निवासी अकादमी उभी केली होती. पारस म्हांब्रे हे मुंबईचे माजी गोलंदाज काही वर्षे विदर्भाचे प्रशिक्षक होते. त्यांच्याच काळात, २०१४-१५ मध्ये, संघ उपांत्यपूर्व फेरीत आला. पुढच्या वर्षीही तिथवर आला. सुब्रतो बॅनर्जींसारखा जाणता माणूस वेगवान गोलंदाजांवर मेहनत घेत होता. बाहेरून खेळाडूही आणले होते. नियमाप्रमाणे असे तीन जण घेता येतात. त्यांतला एक वसीम जाफर, रणजीमध्ये सर्वांत जास्त धावा काढलेला फलंदाज. म्हणजे जमीन नांगरून, कुळवून झाली होती. पाऊस मात्र लांबला होता. २०१६-१७ मध्ये तर उपांत्यपूर्व फेरीसुद्धा हुकली.

त्याच वर्षी मुंबईचा संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला. सामना इंदूरला होळकर मैदानावर झाला होता. मुंबईचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. आचरेकर गुरुजींच्या तालमीतले, भारताकडून कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. आदल्याच वर्षी त्यांनी मुंबईला करंडक जिंकून दिला होता. पण एक अंतिम सामना हरला आणि मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला. आता गंमत पाहा. ज्या घरात करंडकांची रास आहे तिथे दुसरा क्रमांक म्हणजे नापास. आणि ज्या घरात साठ वर्षांत एकही करंडक नाही, त्याने तोच नापास मास्तर बोलावून घेतला. विदर्भाने २०१७ मध्ये पंडितांना आणले.

"बाहेरचा मानूस काऊन आनला? आपल्यात कोनी नोता काय?" असा सवाल अशा वेळी निघतोच, आणि तो चुकीचाही नाही. ज्या प्रदेशाला प्रत्येक गोष्टीत मुंबई-पुण्याकडे पाहावे लागते त्या प्रदेशाला खेळाचा मास्तरही मुंबईचाच घ्यावा लागला, तर मनाला टोचणारच. माझे स्वतःचे मत विचाराल तर संघटनेने त्या वेळी केले ते बरोबर केले. कारण विदर्भाच्या पोरांना चेंडू कसा टाकायचा हे येत होते. जिंकलेल्या घरातला माणूस रोज सकाळी कसा उठतो, हे त्यांनी पाहिलेले नव्हते. पंडित शिस्तीचे कडक. वेळ म्हणजे वेळ, सराव म्हणजे सराव, मोठा खेळाडू असो की कालचा पोर, सगळ्यांना एकच पट्टी.

त्या हंगामात विदर्भ एकही सामना हरला नाही. उपांत्यपूर्व फेरीत केरळला ४१२ धावांनी लोळवले. उपांत्य सामना कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटकासारखा दांडगा संघ. पहिल्या डावात विदर्भ अवघ्या १८५ धावांत आटोपला आणि ११६ धावांनी मागे पडला. तिथून सामना फिरवून कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. चौथ्या दिवसाअखेर कर्नाटक ७ बाद १११. शेवटच्या सकाळी त्यांना ८७ धावा हव्या होत्या आणि आपल्याला तीन गडी. कर्नाटकाची शेपटी काही केल्या तुटेना. ८७ चे ५० झाले, ५० चे २० झाले, आणि अखेर सहा धावा उरल्या असताना शेवटचा गडी गेला! विदर्भ पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानी नावाच्या मुलाने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले होते. हा गुरबानी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर. "खेळायच्या नादात शिक्षण बुडते" म्हणणाऱ्या पालकांना गुरुजींनी हे उदाहरण जरूर सांगावे.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि मैदान इंदूरचे होळकर! ज्या इंदूरने नागपूरच्या नायडूंना आसरा दिला, आणि आदल्या वर्षी जिथे पंडितांनी हार पाहिली, तिथेच विदर्भ पहिल्यांदा अंतिम सामना खेळायला उतरला. गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने घेतली होती. दिल्लीच्या ध्रुव शोरीने एकट्याने झुंजून १४५ धावा काढल्या. विदर्भाच्या अक्षय वाडकरने १३३ केल्या, संघाचा डाव ५४७ वर गेला. १ जानेवारी २०१८ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक जिंकला.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. २०१८-१९ मध्ये चाळीस वर्षांच्या जाफरने हंगामात हजारावर धावा काढल्या. नागपूरच्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने आपल्या डावखुऱ्या फिरकीने ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजारासारख्या भिंतीला दोन्ही डावांत पाडले, आणि सौराष्ट्र ७८ धावांनी हरला. दोन वर्षांत दोन करंडक. पंडितांचे नाव देवाच्या नावासारखे घेतले जाऊ लागले.

आणि तिसऱ्या वर्षी? २०१९-२० मध्ये तेच पंडित होते, मुलेही बहुतेक तीच होती, आणि संघाला उपांत्यपूर्व फेरीसुद्धा गाठता आली नाही. एकट्या मास्तराने सगळे होते असे म्हणणाऱ्यांनी हे तिसरे वर्ष विसरू नये. त्या वर्षाबद्दल चर्चा फार कमी होते. जिंकलेल्या वर्षांच्या गोष्टी सांगायला सगळ्यांना आवडते.

त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. त्यांचे तिथे एक जुने देणे होते. १९९८-९९ मध्ये ते मध्य प्रदेशाचे कप्तान असताना संघ बंगळूरला अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हरला होता. २०२२ च्या जून महिन्यात त्याच बंगळूरच्या मैदानावर त्यांच्या मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि पहिला रणजी करंडक घेतला. इकडे विदर्भात चाहते हळहळत होते, हातचा परीस गेला म्हणून. पुन्हा जुनीच चर्चा: आता कोण? पुन्हा मुंबईहून आणायचा काय?

या वेळी मात्र घरातला माणूस पुढे आला. काही हंगाम चाचपडण्यात गेले, आणि मग संघाची सूत्रे उस्मान गनी यांच्याकडे आली. गनी विदर्भाचेच माजी खेळाडू. नावाचा गाजावाजा नाही, वर्तमानपत्रांत मोठे मथळे नाहीत. आपल्या तालुक्याच्या शाळेत बदलीने न आलेला, तिथलाच एखादा जुना मास्तर असतो ना, तशातला प्रकार.

मार्च २०२४ मध्ये नागपूरला उपांत्य सामना झाला. समोर मध्य प्रदेश. त्यांचे प्रशिक्षक कोण? चंद्रकांत पंडित! आखाड्यात असा प्रसंग क्वचितच येतो. ज्याने डाव शिकवले तो पलीकडे उभा, आणि शिकलेले अलीकडे. पहिल्या डावात विदर्भ १७० वर गडगडला आणि ८२ धावांनी मागे पडला. पंडितांच्या पठ्ठ्यांनी सहा वर्षांपूर्वी शिकलेला धडा इथे उपयोगी पडला. मागे पडलो म्हणून सामना सोडायचा नसतो, हा तो धडा, आणि तो त्यांनी ईडनवर गिरवलेला होता. दुसऱ्या डावात यश राठोडने १४१ धावा काढल्या, विदर्भाने ४०२ केल्या, आणि मध्य प्रदेश ६२ धावांनी हरला. मला वाटते, चंद्रकांत पंडितांच्या विदर्भातल्या कामाचा खरा निकाल त्या दिवशी लागला. इंदूरला नव्हे. त्यांच्याशिवाय, आणि त्यांच्याविरुद्ध, मुले उभी राहिली.

अंतिम सामना विदर्भ मुंबईत १६९ धावांनी हरला. ५३८ धावांचे डोंगराएवढे लक्ष्य होते, तरी ३६८ पर्यंत मजल मारली आणि कप्तान वाडकरने शतक केले. हरल्यावर गनींना काढा असा घोष संघटनेने मानला असता तर पुढचे काही घडलेच नसते. मुंबईने पंडितांच्या बाबतीत केलेली घाई इथे झाली नाही. पुढच्या वर्षी गनीच राहिले, वाडकरच राहिला. २०२५ च्या उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला नागपूरला ८० धावांनी परत पाठवले. त्या हंगामात हर्ष दुबे या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणी घेतले नव्हते.

आता जाता जाता एक अप्रिय गोष्टही बोलून टाकतो. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. संघातली बहुतेक मुले मात्र नागपूर आणि त्याच्या आसपासची. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा, त्यातले रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा हे तालुके, तिथून नागपूर अडीचशे किलोमीटरांच्या घरात. बारा वर्षांच्या पोराचा हात चांगला फिरतो हे ओळखणारा पहिला माणूस तिथे शाळेचा क्रीडाशिक्षक असतो, आणि कित्येक शाळांत तोच भूगोलही शिकवतो, तोच शालेय पोषण आहाराचा हिशेब लिहितो. रणजी संघाचा प्रशिक्षक कोण, यावर आपण तासन्‌तास बोलतो. शाळेला क्रीडाशिक्षक आहे की नाही, यावर ग्रामसभेत किती वेळा बोललो?

असो. २०२५ चा अंतिम सामना जामठ्याच्या मैदानावर २६ फेब्रुवारीला सुरू झाला. समोर केरळ, आपल्याबरोबरच १९५७-५८ मध्ये शाळेत दाखल झालेला वर्गमित्र. त्याचा हा पहिलाच अंतिम सामना. विदर्भाकडून पहिल्या डावात दानिश मालेवार या कोवळ्या पोराने १५३ धावा काढल्या, बाहेरून आलेल्या करुण नायरने ८६. विदर्भाकडून सलामीला कोण होता? ध्रुव शोरी, इंदूरला आपल्याविरुद्ध १४५ धावा काढणारा दिल्लीचा तोच. आणि केरळकडून कोण? आदित्य सरवटे! २०१९ मध्ये नागपूरलाच ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक देणारा आपला सरवटे त्या वर्षी केरळकडून खेळत होता. त्याने आपल्याविरुद्ध ७९ धावा केल्या आणि केरळला फार वेळ जिवंत ठेवले. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सदतीस धावांची आघाडी. दुसऱ्या डावात नायरने १३५ काढल्या, सामना अनिर्णित राहिला, आणि पहिल्या डावातल्या त्या सदतीस धावांवर २ मार्च रोजी विदर्भाला तिसरा करंडक मिळाला.

घरच्या वस्तादाच्या हाताखाली मिळालेला हा पहिला. पानठेल्यावर मात्र त्या संध्याकाळी चर्चेला नवाच विषय मिळाला होता: सरवटेला जाऊ कसा दिला?